कोमट खांब

भर मे महिन्यात बेलापूरच्या त्या नव्या इमारतीत बायका स्वेटर घालून कामाला बसत. बाहेर डांबर पाघळून चपलेला चिकटतंय, समोरच्या डोंगराचं गवत जळून तांबूस झालंय, आणि आत तळमजल्याच्या हॉलमध्ये टाइपिस्ट मुली बोटांवर फुंकर घालताहेत. कुणी शाल आणलेली, कुणी कानाला रुमाल बांधलेला. बाहेरून आलेला माणूस दारातच हाश्श करून डोळे मिटायचा, आणि काउंटरवर त्याची पाळी येईतो हाताची घडी घालून शिंकायला लागायचा.

सगळे बोल लावायचे ते नमिताला. कारण इमारतीच्या मागच्या टोकाला, तळघरातला एसीचा प्लांट ती चालवायची.

“नमिता, बाई गं,” टेलिफोनवर बसणारी जयमाला म्हणायची, “आम्हाला पापलेटासारखं टिकवून ठेवायचंय का तुला? मग विकणार कुठल्या मार्केटला, तेवढं सांगून ठेव. घरी निरोप देते.”

“तुला कोण घेणार? काटेच जास्त,” नमिता म्हणायची, आणि जिना उतरून खाली प्लांटच्या घरघराटात जायची.

आयटीआयमध्ये हाच कोर्स करून, लग्न होऊन ती खाडीकाठच्या या गावात आली होती. नवरा रूपेश तळोज्याला कारखान्यात. ज्यांची जमीन गेली त्यांच्या घरातल्या एकाला काम मिळेल असं बोलणं झालं होतं, ते तिच्या नावावर उतरलं. इमारत उभी होती तीच मुळी तिच्या सासरच्या शेतावर आणि जुन्या घरावर. सासरे गोटीराम बांधकाम चालू असताना तिथेच वॉचमन होते. “आपल्याच अंगनात आपन राखनदार,” असं म्हणायचे आणि त्यावर स्वतःच हसायचे.

नमिताला थंडीचं काही वाटत नसे. तिचं चित्त घरी असायचं, काशीपाशी.

काशी तिची मुलगी. पणजीचं नाव ठेवलेली, आठ महिन्यांची, दोन दात आलेली. सकाळी नमिता निघायची तेव्हा काशी भाकरीसारखी ऊनऊन असायची. तिच्या मानेच्या वळीत नाक खुपसलं की तिथून उठावंसं वाटत नसे. आणि संध्याकाळी परतावं तर सासूच्या मांडीवर तीच पोर गारठलेली. हात गार, पाय गार, टाळू गार. रडायची नाही. नुसती डोळे उघडे ठेवून पडलेली. रात्री पोटाशी घेऊन निजलं की पहाटेपर्यंत हळूहळू ऊब यायची, आणि सकाळी पुन्हा भाकरी.

नेरूळच्या डॉक्टरांनी तपासून बघितलं. काही नाही म्हणाले. वजन जरा कमी भरतंय, नाचणीचं सत्त्व द्या म्हणाले. मे महिन्यात पोरीला थंडी वाजते हे त्यांना पटलंच नाही.

“टेन्शन नको घेऊ,” रूपेश म्हणायचा. “माझे पण पाय गार असतात.” पण रात्री तोही उठून काशीच्या तळव्यांना हात लावून बघायचा, हे नमिताला माहीत होतं.

रविवारी काशीला काही होत नसे. रविवारी ती दिवसभर खिदळायची. आईच्या सहवासाची ऊब, असं शेजारणी म्हणायच्या. नमितालाही तसंच वाटायचं, आणि सोमवारी गेटातून आत शिरताना ती मागे वळून गावाकडे बघायची. नोकरी सोडावी का, हे ती रोज नव्यानं ठरवायची आणि रोज पुढे ढकलायची.

इमारतीची देखभाल बघणारे इंजिनियर मानसिंग हे मूळचे साताऱ्याकडचे. अंगानं दांडगे, बोलायला मोकळे. एका सकाळी ते तळघरात आले ते टेबलावर हात आपटतच. वीज मंजूर भाराच्या वर चालली होती. वरून विचारणा झाली होती की शेजारच्या तेवढ्याच इमारतीत निम्म्यात भागतं, मग तुम्ही तिथे काय दगड वितळवताय का.

“चला नमिताताई,” ते म्हणाले, “बघूया तरी ही खादाड कुठं बसलीय.”

दोघं हॉलमध्ये आली. हॉलच्या मधल्या खांबावर एक पांढरी डबी बसवलेली होती. तो थर्मोस्टॅट. तिचं काम सोपं. डबीला उकडतंय असं वाटलं की ती खाली प्लांटला हाक घालणार, आणि गार वाटलं की पुरे म्हणणार. ही डबी मात्र पुरे म्हणतच नव्हती. इमारत सुरू झाल्यापासून एकदाही नाही. अख्खा हॉल गोठला तरी हिला आपलं उकडतंच होतं.

मानसिंगांनी डबी उघडून पाहिली, फुंकली, बदलून दुसरी लावली. दुसरीही तसंच म्हणाली. मग त्यांनी सहज खांबाला हात टेकला आणि लगेच उचलला.

“ह्याला ताप आलाय की ओ.”

नमितानं हात लावला. संगमरवरी फरशी बर्फासारखी, शेजारचं काउंटर बर्फासारखं, आणि खांब कोमट. इस्त्रीच्या कपड्यासारखा किंवा उन्हात ठेवलेल्या भांड्यासारखा नाही. कमरेच्या उंचीवर, सावलीत, कोमट. ह्या उबेशी तिची रोजची ओळख होती. झबल्यात हात घालून पोरीच्या पाठीवरून फिरवावा, तशी. तिनं हात तसाच ठेवला. तिच्या छातीत दूध भरून आल्याची कळ उठली, इतकी अचानक, की तिला पदर नीट करावा लागला.

“आतून वायर जाते का?” ती म्हणाली. 

“एकही नाही. पाइप नाही, काही नाही. भरीव काँक्रीट.” मानसिंग खांबाभोवती फिरले, ठोकून आले. “असू दे. उकडतंय खांबाला, तर खांबालाच गार करू. वरच्या हवेच्या डक्टचं तोंड इकडं वळवतो. सगळा झोत ह्याच्यावर. डबीला पटलं की गार झालंय, की बसला प्लांट गप.”

दुपारपर्यंत डक्टचं तोंड वळलं. खांबावर थंड हवेची धार सुरू झाली. जयमाला म्हणाली, खांबाला घाम फुटलाय. खरंच त्याच्यावर दव जमून ओघळ उतरत होते.

त्या संध्याकाळी नमिता घरी आली तर दारातच सासू भागीरथी उभी. भागीरथी कधी घाबरलेली नमितानं बघितली नव्हती.

“बाय, पोरीचे ओठ बघ.”

ओठ जांभळट झाले होते. दोन गोधड्यांत गुंडाळलेली काशी, आणि घरात पंख्यालाही न हटणारा उकाडा. डॉक्टरांकडे नेलं, तिथे पोचेपर्यंत रंग परतला होता. डॉक्टर म्हणाले, उद्या पुन्हा आणा, हृदयाची तपासणी करून घेऊ. रात्रभर नमिता पोरीला उघड्या छातीवर घेऊन बसून राहिली. कामावर जायचं नाही, असं तिनं ठरवलं. सकाळी काशी उठली, नेहमीसारखी ऊन, हसली. तपासणीची वेळ दुपारची मिळाली. आणि प्लांटची चावी नमिताकडे होती. चावी द्यावी, सुट्टी सांगावी, आणि परतावं, म्हणून ती गेली.

मानसिंग आले नव्हते, म्हणून प्लांट तिनंच चालू केला. जाताजाता गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीचा व्हॉल्व्ह बघावा म्हणून ती वर गेली. गच्चीवर प्लांटचा मोठा टॉवर होता. हॉलमधली उष्णता पाण्यातून वर येई आणि टॉवरच्या तोंडातून दमट वाफ होऊन निघून जाई. एरवी त्या वाफेला शेवाळाचा, गंजाचा वास यायचा.

आज वास वेगळा होता. खोबरेल तेल. वेखंड. ओव्याची धुरी. आणि त्या सगळ्याच्या खाली टाळूचा तो दुधाळ, आंबूस-गोड वास, जो एका पोराचा दुसऱ्या पोरासारखा कधी नसतो.

ती टॉवरच्या कठड्याला धरून उभी राहिली. आयटीआयच्या मास्तरांनी पहिल्या दिवशी एकच गोष्ट घोकून घेतली होती: एसी थंडी बनवत नाही, थंडी अशी वस्तूच नसते, एसी फक्त ऊब काढून नेतो आणि बाहेर टाकतो. ऊब कुणाची ते तो विचारत नाही. तिच्या डोळ्यांदेखत काशीचा वास पामबीचच्या रस्त्यावरून खाडीकडे उडून चालला होता.

ती किती भरभर जिने उतरली ते तिलाच कळलं नाही. प्लांट बंद केला नाही. अख्ख्या इमारतीत आरडाओरडा झाला असता. पण हॉलमध्ये स्टूल ओढून तिनं खांबावरच्या डक्टची जाळी हातानं घट्ट मिटली आणि घरी गेली.

गोटीराम ओट्यावर जाळं विणत बसले होते. भागीरथीच्या मांडीवर काशी, अजून बऱ्यापैकी उबदार.

“बाबा,” नमिता उभ्याउभ्याच म्हणाली, “हॉलच्या मधल्या खांबापाशी आधी काय होतं?”

गोटीरामांनी जाळ्यातून मान वर काढली नाही.

“न्हानी होती,” भागीरथी म्हणाली. “आपल्या जुन्या घराची न्हानी. का ग?”

“तिथे काय पुरलंय?”

“काय म्हंजे? वार.” भागीरथीला यात विचारण्यासारखं काय ते कळलं नाही. “हिची वार. या घरातल्या सगळ्या पोरांच्या वारी तितंच हायत. माझ्या सासूनं पुरल्या, तिच्या सासूनं पुरल्या. हिची मी दवाखान्यातून डब्यात मागून आनली. नर्स नाय म्हनत होती, मी हटले नाय. मग यांनी रात्रपाळीत नेऊन पुरली. डोंगराचं टोक आनि देवळाचा कळस धरून जागा काढली यांनी, बरोबर न्हानीचा कोपरा. चुकले नायत.”

ती अभिमानानं सांगत होती. त्या घराची रीत अशी होती, की पोराच्या मागून नाळेसोबत पडलेली वार न्हाणीत पुरायची आणि सव्वा महिना बाळबाळंतिणीची आंघोळ तिच्यावर घालायची. ऊन पाणी रोज जमिनीत मुरलं पाहिजे. तोवर पोर अर्धं घरात आणि अर्धं त्या जागेत असतं. पाणी पुरं झालं की जागा पोराला सोडते.

“मग ऊन पाणी कोण घालत होतं?” नमितानं विचारलं.

आता दोघी गोटीरामांकडे बघत होत्या.

“घालत होतो मी,” ते म्हणाले. “किटली भरून न्यायचो. चहाची म्हनून.”

“सव्वा महिना?”

“आता फरशी बसली मधेच, त्याला मी काय करू? ठेकेदार फरशी उखडून देनार होता का, माझ्या नातीची न्हानी हाय म्हनून?”

“मला का नाय सांगितलं?” भागीरथी म्हणाली, अगदी हळू.

“सांगून फरशी निघनार होती?”

 काशीचं पाऊल हातात धरून भागीरथीनं ते आपल्या गालाला लावलं, आणि बराच वेळ तसंच धरून ठेवलं.

दुपारी काशीचं हृदय तपासलं. ठणठणीत निघालं. तिथून पोरीला सासूच्या हवाली करून नमिता पुन्हा कामावर आली, तर मानसिंग स्टुलावर चढून जाळीकडे बघत होते.

“ही कुणी मिटली?”

“मी.”

“का ओ?”

“साहेब, तो खांब गार होणार नाही. कितीही हवा सोडा. एका खांबासाठी आपण अख्खी इमारत गोठवतोय.”

मानसिंग स्टुलावरून उतरले. “ते मलाबी दिसतंय. पण तो गरम का, हे नको शोधायला?”

“मला माहितीय तो का गरम आहे ते.”

ते तिच्याकडे बघत राहिले. तिच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं, पदराच्या कडेला दुधाचा डाग. मग खांबाकडे बघितलं, आणि हात खिशात घातले.

“सांगू नका,” ते म्हणाले. “मला वरती उत्तर द्यायचं असतंय. माझी आईबी गावी असलं काय काय सांगत असते, तिलाबी मी हेच म्हणतो.” थोडं थांबून म्हणाले, “डबी हलवूया. खरं तर पहिल्या दिवशीच सुचायला पाहिजे होतं. ती पलीकडच्या भिंतीला नेतो. खांबाला काय वाटतंय ते प्लांटला कळायची गरजच काय?”

डबी भिंतीवर गेली. थोड्या वेळानं तिनं पहिल्यांदा पुरे म्हटलं, आणि तळघरातला प्लांट थांबला. इतक्या महिन्यांचा तो घरघराट थांबल्यावर हॉलमध्ये सगळ्यांनी एकदम माना वर केल्या, जणू कुणीतरी आत आलंय. टाइपिस्ट मुलींनी शाली काढल्या. जयमालानं स्वेटरची घडी घातली आणि म्हणाली, “सुटलो बाई बर्फातून.” विजेचा काटा शेजारच्या इमारतीइतका खाली आला. मानसिंगांनी पेढे वाटले.

काशी मात्र अर्धीच सावरली. ओठ पुन्हा जांभळे झाले नाहीत, पण संध्याकाळी हातपाय गार ते गारच. थोडी का होईना, हवा खेळवायची तर प्लांट रोज चालायचाच. चालला की थोडी ऊब न्यायचाच. नमितानं पाइपांना गुंडाळतात तसं जाड आवरण खांबाला गुंडाळलं. मानसिंगांनी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. त्यानंही पुरतं भागलं नाही. उन्हाळा होता म्हणून पोर तगली होती. पुढे थंडीचे दिवस येणार होते.

“पानी राहिलंय तिचं,” भागीरथी एका सकाळी म्हणाली. “ते घातल्याबिगर ती जागा सोडनार नाय. मला तितं ने.”

महिन्यातून एका रविवारी प्लांटच्या जाळ्या धुवायला नमिताला तासभर जावंच लागे. या रविवारी ती गेली ती सासू आणि काशीला घेऊन. गेटावरचा वॉचमन गोटीरामांच्या ओळखीचा. त्यानं पिशवीतलं तांब्याचं घंगाळ बघितलं, पाट बघितला, आणि बिडी पेटवायला पलीकडे वळला.

रविवारचा हॉल नमितानं आधीही पाहिला होता, पण पोरीला घेऊन कधी नाही. खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवलेल्या, काचांवर पडदे ओढलेले, आणि कागदी उजेड. प्लांट बंद होता तरी फरशी गार होती. काशी नमिताच्या कडेवरून मान वळवून मधल्या खांबाकडेच बघत होती. पाळण्यावरच्या चिमणीकडे बघावं तसं.

नमितानं पँट्रीत पाणी तापवलं. खांबाचं आवरण सोडलं. भागीरथी पाटावर बसली, लुगडं गुडघ्यापर्यंत घेतलं, पाय लांब केले आणि तळवे खांबाला टेकवले. नागड्या काशीला तिनं पायांवर पालथं निजवलं. तेल लावलं, हळद-पिठानं पाठ चोळली, हातपाय उलटेसुलटे करून ओढले. काशी कुरकुरली. मग भागीरथीनं तांब्या भरला आणि पाणी सोडलं.

पाणी काशीच्या पाठीवरून भागीरथीच्या पोटऱ्यांवर आलं, तिथून खांबाच्या पायथ्याशी. गुळगुळीत संगमरवरावर ते पसरायला हवं होतं. नमिता फडका घेऊन तयार बसली होती. पाणी पसरलं नाही. खांबाच्या कडेला गेलं आणि गेलंच, तापलेल्या मातीनं प्यावं तसं. दुसरा तांब्या. तिसरा. फडका कोरडा राहिला.

भागीरथी पुटपुटत होती. “घे बाय. घे. उशीर झाला आमाला. चुकी आमची. घे आता पोटभर आनि सोड तिला.”

घंगाळात थोडं उरलं असताना काशी रडली. असं रडणं नमितानं तिच्या जन्मानंतर पहिल्यांदाच ऐकलं. लालबुंद होऊन, मुठी आवळून, सगळा जीव घशात आणून. तो आवाज उलट्या खुर्च्यांवर आपटला, जिन्यातून वरच्या मजल्यांवर गेला आणि परत आला. परत येताना तो एका पोराचा राहिला नव्हता. काशी श्वास घ्यायला थांबली, तरी वरून रडणं येतच होतं, बारीक, वेगवेगळ्या वयांचं, आणि मग एकेक करून विझलं.

नमितानं खांबाला हात लावला. गार. इतर कुठल्याही दगडासारखा, कंटाळवाणा, गार. तिनं पोरीला उचलून पदरात गुंडाळलं. काशीच्या अंगातून वाफ निघावी इतकी ती तापली होती, आणि तो ताप नव्हता. ती हपापल्यासारखी प्यायला लागली. तिची बोटं आईच्या गळ्यावर फिरत होती, आणि ती बोटं ऊन होती, टोकापर्यंत.

“आई, झालं,” नमिता म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. “सोडलं तिला. चला.”

भागीरथी उठली नाही लगेच. मग उठली ती घंगाळ दोन्ही हातांनी उचलून. ती दाराकडे गेली नाही. काउंटरांच्या मागे गेली, टाइपिस्ट मुलींच्या टेबलांमधून, काहीतरी आठवत, पाऊल मोजल्यासारखं टाकत. एका टेबलाशी वाकली, उलटी खुर्ची बाजूला केली आणि फरशीवर बसली.

“आई?”

“रूपेशच्या आधी दोघं झाली होती मला,” भागीरथी म्हणाली. ती नमिताकडे बघत नव्हती. “तुला कोनी सांगितलं नसंल. पानी पुरं व्हायच्या आत गेली दोघं. तवा काही वर्सं न्हानी इकडं हलवली होती, कुडाच्या बाजूला. गेलेल्या पोराच्या वारीवर कोन पानी घालतो? कोनी नाय घालत. मला घालूच दिलं नाय.”

तिनं तळहात फरशीवर सपाट टेकवला आणि तसाच ठेवला. तिचा चेहरा नमिताला दिसत नव्हता. फक्त खांदे दिसत होते, आणि ते हळूहळू खाली येत होते.

“हितं पन हाय,” ती म्हणाली.

नमिता काशीला घेऊन जवळ गेली, वाकली, आणि तिच्या हाताशेजारी हात ठेवला. फरशी कोमट होती. दोन जागी, जवळजवळ, एका पाळण्यात निजलेल्या दोन पोरांइतक्या अंतरावर.

भागीरथीनं घंगाळात उरलेलं पाणी ओतलं. तांब्याभरच होतं. दगडानं ते पिऊन टाकलं आणि तो कोरडा झाला, अजून पाहिजे असल्यासारखा.

 पिता पिता झोपलेल्या काशीला नमितानं सासूच्या मांडीवर दिलं, रिकामं घंगाळ उचललं, आणि पँट्रीत जाऊन पुन्हा गॅस पेटवला.